कार्बनचा हिशेब आणि वस्तीचा रस्ता

कार्बन हा शब्द आपल्या चळवळीच्या बोलण्यात अजून रुजलेला नाही. पाणवठा, जमीन, राखीव जागा, शिष्यवृत्ती हे शब्द आपण सोसून शिकलो. कार्बन मात्र परिसंवादांतून आला, थंडगार सभागृहांतून आला, आणि म्हणून तो आपला नव्हे असे आपण परस्पर ठरवून टाकले. माझे म्हणणे असे की हा शब्द आता आपण ताब्यात घेतला पाहिजे. त्याच्या नावाने शहरांत पैसा येतो आहे, नवी वाहने येत आहेत. कोणाच्या दारावरून वाहन जाईल आणि कोणाच्या दारावरून जाणार नाही, याचा हिशेबही याच शब्दात मांडला जात आहे. हिशेब ज्याच्या हाती असतो त्याच्या बाजूने तो लागतो, हे सावकाराच्या वहीने आपल्या आजोबांना शिकवलेच आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. १६ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम ई-बस सेवा’ ही योजना मंजूर केली. खर्चाचा अंदाज ५७,६१३ कोटी रुपये, त्यांपैकी २०,००० कोटी केंद्राचे. दहा हजार विजेच्या बसगाड्या आणि त्या चालवण्यासाठी दहा वर्षे मदत, असे तिचे स्वरूप. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीन लाखांवर वस्ती असलेली शहरे या योजनेच्या कक्षेत येतात. अमरावती त्या वेळी साडेसहा लाखांच्या आणि अकोला सव्वाचार लाखांच्या घरात होते, म्हणजे आपली दोन्ही शहरे या निकषात बसतात. त्यानंतर १ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी विजेवरच्या बाइक टॅक्सीचे धोरण मंजूर केले. ई-रिक्षा तर २०१४-१५ मध्ये कायद्यात बसली आणि आता वऱ्हाडातल्या चौकाचौकात उभी आहे.

या प्रत्येक सेवेच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेले असते: यामुळे कार्बनचे उत्सर्जन कमी होईल. माझा प्रश्न एवढाच आहे की कोणाचे उत्सर्जन कमी होईल? हा प्रश्न खोडसाळपणाचा नाही. या शास्त्राचा तो मुळातला प्रश्न आहे.

नवी वाहतूक सेवा स्वतः धूर कमी करीत नाही. ती तर थोडा नवा धूर निर्माणच करते. धूर कमी होतो तो प्रवाशाने सोडलेल्या जुन्या वाहनाचा. चारचाकीतून एकटा फिरणारा माणूस गाडी घरी ठेवून बसमध्ये बसला तर त्या गाडीचे पेट्रोल वाचले. शेअर ऑटोतला माणूस बसमध्ये आला तर थोडे वाचले. पायी जाणारी बाई बसमध्ये चढली तर काहीच वाचले नाही, उलट खात्यावर थोडे चढले. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहराच्या बससेवेची २००६ मध्ये क्योटो करारातील ‘स्वच्छ विकास यंत्रणे’खाली नोंदणी झाली, तेव्हा कार्बनची बचत मोजण्यासाठी प्रवाशांनाच विचारण्याची पद्धत ठरली: ही बस नसती तर तुम्ही कशाने गेला असता? सगळी बचत या एका उत्तरावर अवलंबून होती.

आता थोडे आकडे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. (पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलातून सव्वादोन किलो वायू कसा, असे माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. पेट्रोलातला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, ते वजन त्यात मिळते.) लिटरला पंधरा किलोमीटर चालणारी मोटार किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम सोडते. लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी मोटारसायकल शेहेचाळीस ग्रॅम, आणि तिच्यावर दोघे असले तर माणशी तेवीस. पेट्रोलची ऑटोरिक्षा नव्वद ग्रॅमच्या आसपास सोडते, पण तिच्यात पाच जण दाटीवाटीने बसले की माणशी अठरा. शहरातली डिझेल बस लिटरला चार किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरमागे पावणेसातशे ग्रॅम होतात. चाळीस प्रवासी असतील तर माणशी सतरा, पाचच असतील तर माणशी एकशे पस्तीस, म्हणजे एकट्याने मोटार हाकणाऱ्या शेठच्या जवळपास.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. कार्बनच्या बाबतीत इंधनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व माणसांनी भरलेल्या जागांना आहे. जो शेअर ऑटो ‘सीट भरल्याशिवाय निघत नाही’ म्हणून सुशिक्षित माणूस नाक मुरडतो, ज्यात ड्रायव्हरच्या बाजूलाही एक माणूस अर्ध्या मांडीवर बसलेला असतो, तो ऑटो माणशी हिशेबाने पाहिला तर या शहरांतल्या सर्वांत कमी उत्सर्जनाच्या वाहनांपैकी एक आहे. त्यात बसणाऱ्याला कोणी पर्यावरणवादी म्हणत नाही. दहा रुपये वाचवणारा माणूस म्हणतात.

उलट, मोबाइलवर बोलावले की दारात येणारे वाहन आधुनिक आणि म्हणून स्वच्छ, अशी समजूत आहे. अमेरिकेतल्या युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संस्थेने २०२० मध्ये तिथल्या अशा सेवांचा हिशेब मांडला. त्या सेवांच्या फेऱ्यांमुळे, त्यांनी ज्या प्रवासांची जागा घेतली त्यांच्यापेक्षा सरासरी ६९ टक्के अधिक प्रदूषण होते, असा निष्कर्ष निघाला. कारणे साधी आहेत. प्रवासी उतरल्यावर पुढचा मिळेपर्यंत गाडी रिकामी हिंडते. आणि बसणारा माणूस पुष्कळदा आपली मोटार सोडून आलेला नसतो. तो बस, सायकल किंवा पाय सोडून आलेला असतो. आपल्या राज्याने बाइक टॅक्सीला विजेची अट घातली हे चांगले केले. विजेची स्कूटर किलोमीटरला वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर जात नाही. रिकामी फेरी धरली तरी तीस-पस्तीस. ती कोणाची मोटार रस्त्यावरून हटवील तर लाभ मोठा आहे. पण भरल्या शेअर ऑटोतले एकेक गिऱ्हाईक उचलून नेईल तर ऑटोवाल्याचे पोट जाईल आणि कार्बनही वाढेल.

विजेची गाडी म्हणजे धूर नाही, ही दुसरी समजूत. वीज कुठून येते? अकोला जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. अमरावतीला लागून नांदगाव पेठला १,३५० मेगावॅटचे खाजगी औष्णिक केंद्र उभे राहिले, आणि त्याला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलने केली. तारेतून वाहणाऱ्या विजेला गावाचे नाव नसते हे खरे; ती सगळ्या देशाच्या जाळ्यातून येते. पण त्या जाळ्यातलीही सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची आहे, आणि सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेची बस किलोमीटरला साधारण एक युनिट खाते, गाडीच्या आकाराप्रमाणे आणि थंड हवेच्या यंत्राप्रमाणे कमी-अधिक. म्हणजे आजच्या घडीला तिचा कार्बन डिझेल बसच्या जवळपासच भरतो. फरक आहे, तो दुसरीकडे. एक तर चौकातला काळा धूर जातो. त्याचा पहिला फायदा पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराला, हातगाडीवाल्याला आणि फुटपाथवर भाजी मांडून बसणाऱ्या बाईला होतो, कारण त्या धुरात आठ-दहा तास तीच माणसे असतात. दुसरे असे की सूर्य आणि वारा यांची वीज जाळ्यात वाढत जाईल तशी हीच बस दर वर्षी स्वच्छ होत जाईल. डिझेल बसला ती सोय नाही. मी विजेच्या बसच्या विरोधात नाही. पण चौकातला धूर पारसच्या चिमणीतून निघत असेल तर चिमणीखाली राहणाऱ्यांचाही हिशेबात उल्लेख हवा. राखेच्या खोऱ्याशेजारी कोणाची घरे असतात हे आपल्याला सांगावे लागू नये.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. कारण वाहतूक आणि जात यांचे नाते ज्याला माहीत नाही त्याला हा प्रश्न निव्वळ इंधनाचा वाटेल.

शून्य कार्बनची वाहतूक या देशात फार जुनी आहे. गावकीतला महार सरकारी टपाल घेऊन या गावाहून त्या गावाला धावत होता. अंमलदाराचे सामान डोक्यावरून नेत होता. त्यात एक थेंब तेल जळत नव्हते; जळत होती ती शिळी भाकर. वाहन वाहण्याचे काम आपले, वाहनात बसण्याचा अधिकार मात्र नाही. १९०१ मध्ये लहानगा भीमराव मसूर स्टेशनवर भावंडांसह उतरला, तेव्हा दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान त्या मुलांची गाडी हाकायला तयार नव्हता. गाडी मुलांनाच हाकावी लागली. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी, बॅरिस्टर आणि मुंबई कायदेमंडळाचे सभासद झालेले तेच बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तर टांगेवाल्यांनी टांगा भाड्याने दिला, पण हाकायला नकार दिला. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम धरला आणि पुलाजवळ टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या टिपणांत हे दोन्ही प्रसंग आहेत. ही टिपणे मी विद्यार्थ्यांना वाहतुकीचे अर्थशास्त्र म्हणून वाचायला सांगतो. भाडे देण्याची ऐपत आली म्हणजे प्रवास मिळतोच असे नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही.

माझे वडील अकोल्यात सायकलरिक्षा ओढत. स्टेशनवरून ताजनापेठ, टॉवर, जठारपेठ. आजच्या भाषेत तो संपूर्ण हरित व्यवसाय होता. मे महिन्यात डांबर पायाला चिकटायचे आणि चढावर ते उतरून रिक्षा हाताने ओढायचे, मागे बसलेले गिऱ्हाईक उतरायचे नाही. हल्ली परदेशी धर्तीवर सायकलरिक्षाचे कौतुक वाचायला मिळते, तेव्हा मला कौतुक करणाराच्या पोटऱ्या पाहाव्याशा वाटतात. कार्बन शून्य होता, कारण हिशेबात माणूस शून्य होता. म्हणून मला ई-रिक्षा मनापासून मानवते. साठीचा माणूस ती चालवू शकतो, बाई चालवू शकते. किलोमीटरला पन्नास-पंचावन्न ग्रॅम, चार प्रवासी धरले तर माणशी तेरा-चौदा. शिशाच्या बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात निकामी होतात आणि त्या फोडून शिसे गाळण्याचे काम पुन्हा एखाद्या वस्तीच्या कडेलाच, उघड्या हातांनी चालते, हा तिचा दोष आहे. तो दूर करण्याजोगा आहे. पोटऱ्यांचा दोष दूर करण्याजोगा नव्हता.

वडिलांची गोष्ट सांगण्याचे कारण असे. जो समाज आजवर पायी चालला, ज्याने सायकल मारली, त्याने कार्बन जवळपास सोडलाच नाही. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता असे विचारले होते. तेव्हा पायी आणि सायकलवर जाणारे मिळून शेकडा पस्तीसच्या वर होते, मोटारीने जाणारे शेकडा तीनच्याही आत. त्यानंतर मोटारसायकली भरमसाट वाढल्या हे मान्य. पण आजही भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास असतो आणि अमेरिकन चौदा टनांच्या आसपास. आणि आपल्या दोन टनांच्या सरासरीतही बंगला आणि झोपडी यांची बेरीज करूनच भागाकार झालेला असतो. आता बचतीवरच पैसा मिळणार असेल, तर ज्याने उधळले त्याच्याच मार्गावर बस धावेल, कारण वाचवण्याजोगे त्याच्याकडेच आहे. वस्तीतल्या बाईला बसमध्ये बसवून कागदावर काही वाचत नाही. तिचे पायी चालणे हीच शहराची बचत झालेली असते.

हा धोका तज्ज्ञांनाही दिसला होता. स्वच्छ विकास यंत्रणेच्या नियमांत ‘दबलेली मागणी’ ही कल्पना मान्य झाली ती यामुळेच. गरिबाचे आजचे उत्सर्जन कमी आहे याचा अर्थ त्याची गरज कमी आहे असा नव्हे. गरज दारिद्र्याने दाबलेली आहे. म्हणून बचत मोजताना, त्याला किमान माणसासारखे जगता आले असते तर त्याने किती इंधन वापरले असते, ते प्रमाण धरावे, असा तिचा आशय. या विषयात आपल्या हाती लागण्यासारखे एवढे चांगले हत्यार दुसरे नाही, आणि आपल्या एकाही निवेदनात मी ते पाहिलेले नाही. उद्या महापालिकेसमोर बसच्या मार्गांचा आराखडा येईल तेव्हा फ्रेजरपुऱ्याने, अकोट फैलाने, खदानने हे शब्द वापरून बोलले पाहिजे.

बदनेऱ्याचेच पाहा. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. मुख्य मार्ग अमरावतीला टाळून बदनेऱ्यावरून गेला, आणि तेव्हापासून स्टेशन एकीकडे व शहर दुसरीकडे अशी दहा किलोमीटरची फट राहिली. कापसाला ही फट भोवली नाही, गाठी बैलगाडीने गेल्या. ती भोवते पहाटेच्या गाडीने कामाला येणाऱ्या माणसाला. आणि रस्ते बांधता येत नाहीत म्हणावे तर जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला. ७२० माणसे रात्रंदिवस त्यावर राबली. मी त्या रस्त्याने नेहमी एसटीने जातो, रस्ता उत्तम आहे. तो जिथे शहराला मिळतो तिथून वस्तीपर्यंत सलग फुटपाथ मात्र मला सापडत नाही.

या योजनेत एक चांगली गोष्ट आहे, ती आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी. बस चालवणाऱ्या कंपनीला तिकिटांच्या गल्ल्यातून नव्हे तर धावलेल्या किलोमीटरवर पैसे मिळतात. केंद्राची मदतही किलोमीटरवर ठरते: मोठ्या बसला २४ रुपयांपर्यंत, मध्यम बसला २२, लहान बसला २०. म्हणजे ‘तुमच्या वस्तीत उत्पन्न नाही, म्हणून गाडी परवडत नाही’ हे उत्तर निदान ठेकेदाराच्या तोंडी शोभणार नाही. मार्ग ठरवणे हे लोकनियुक्त संस्थेचे काम झाले, आणि जिथे मत चालते तिथे आपले काही चालू शकते. याची दुसरी बाजू अशी की रिकामी बस धावली तरी ठेकेदाराचे काही बिघडत नाही. कॅम्पातून विद्यापीठाकडे सकाळी अकरा वाजता पाच प्रवासी घेऊन जाणारी बस कागदावर हरितच राहील. वरचा आकडा आठवा: माणशी एकशे पस्तीस ग्रॅम. आणि पहाटे पाच वाजता ठिय्यावर निघालेल्या चाळीस बायका तिच्यात असत्या तर माणशी सतरा. बस भरते ती गरिबांनी. कार्बन वाचतो तो भरलेल्या बसने. त्यामुळे वस्तीतून बस नेणे ही मेहेरबानी होत नाही, योजना यशस्वी करण्याची ती अट होते. मात्र त्याच वेळी कॅम्पातल्या मोटारीही घरी राहिल्या पाहिजेत. बस आली आणि मोटारीला चौकाचौकात फुकट उभे राहण्याची जागा तशीच राहिली, तर दोन्ही धूर चालू राहतील.

मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला आणि उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. जमावबंदीचे कलम उन्हासाठी! त्या आठवड्यातही ठिय्यावर माणसे उभी होती, कारण ऊन असले तरी चूल विझवता येत नाही. मोटारीची काच वर करून जाणाऱ्याला कार्बन हा उद्याचा प्रश्न वाटतो. अकोट फैलातून एमआयडीसीकडे पायी निघालेल्यांना तो साडेदहा वाजता डोक्यावर येतो.

एका बांधकामावर जाणाऱ्या मावशींना मी या साऱ्या योजनेबद्दल समजावून सांगत होतो. विजेची बस, कोळसा, बॅटरी, सगळे. त्यांनी डोक्यावरचे घमेले खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “थे डिझलची हाय का लाइनीवरची, त्याच्याशी आमाले काय करा लागते, भाऊ? सकाई पाचाले येते का आमच्या अंगानं, एवढं सांग.”